ॲक्रिलिकची टाकी, दुसऱ्यांदा

संगणकाच्या वॉटर कूलिंगसाठी, म्हणजे पाणी फिरवून त्याचे भाग थंड ठेवण्यासाठी, घरी बनवत असलेली टाकी या आठवड्यात जोडून पूर्ण झाली. पाणी भरून चोवीस तास झाले, तरी एकाही सांध्यातून थेंब आलेला नाही. पहिली टाकी याच टप्प्यावर वाया गेली होती, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

त्या टाकीचे तुकडे मी लेझरवर कापून घेतले होते आणि कडा काचेसारख्या चकचकीत आल्यामुळे तशाच जोडल्या. लेझरने वितळून झटकन थंड झालेल्या कडेत ताण अडकून राहतो आणि तिला द्रावक (प्लास्टिक विरघळवणारा द्रव) किंवा अल्कोहोल लागले की तो भेगांच्या रूपाने बाहेर पडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आतून पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे फडके फिरवले आणि पाहता पाहता कडेपासून आत केसाएवढ्या रेषांची जाळी उमटली. आता मी ॲक्रिलिक फक्त साबणाच्या कोमट पाण्याने धुतो.

या वेळी कास्ट, म्हणजे साच्यात ओतून बनवलेली, ॲक्रिलिक शीट घेतली. भिंती ८ मिमी जाडीच्या आहेत, तर तळ आणि झाकण १२ मिमीचे, कारण नळ्या जोडायच्या फिटिंगच्या जी १/४ मापाच्या आट्यांना पुरेशी खोली मिळायला हवी. आतली जागा ६४ × ६४ × १७६ मिमी, म्हणजे साधारण ७२० मिलिलिटर पाणी मावते. आट्यांसाठी ११.८ मिमीचे भोक पाडून साबणाच्या पाण्यात टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवला. अर्धा फेरा पुढे गेला की पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे चुरा तुटून मोकळा होतो. पाणी आट्यांनी नव्हे तर फिटिंगच्या ओ-रिंगने (रबरी कड्याने) अडते, त्यामुळे भोकाभोवतीचा पृष्ठभाग सपाट आणि बिनओरखड्याचा राहील याची काळजी घेतली.

सर्वाधिक वेळ कडांनी घेतला. प्रत्येक कड पातीने खरवडली, काचेवर चिकटवलेल्या पाणपेपरवर घासली आणि गुण्या लावून तपासली. नंतर अडकलेला ताण निघून जावा म्हणून सगळे तुकडे ओव्हनमध्ये ८० अंश सेल्सिअसला तीन तास ठेवून बंद ओव्हनमध्येच थंड होऊ दिले. ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा भरवशाचा नसतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवणे मला आवश्यक वाटते.

जोडताना सांध्यात बारीक तारा ठेवल्या आणि इंजेक्शनच्या सुईने डायक्लोरोमिथेन हे द्रावक सोडले. ते केशाकर्षणाने सांधाभर पसरते. अर्ध्या मिनिटाने तारा ओढून घेतल्या की वरचा तुकडा मऊ झालेल्या थरावर बसतो आणि दुधी दिसणारी कड डोळ्यांदेखत पारदर्शक होत जाते. तो क्षण मला या साऱ्या कामात सर्वांत प्रिय आहे. द्रावकाची वाफ घातक असल्यामुळे हे काम गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून केले आणि पुढचे दोन दिवस टाकीला हात लावला नाही.

तळाच्या एका सांध्यात तीन मिलिमीटरचा बुडबुडा राहिला आहे. तो आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत आरपार गेलेला नाही, तरी त्याच्या दोन्ही टोकांशी पेनाने खूण केली आहे. पंप जोडून पाणी फिरू लागल्यावर तो वाढतो का, हे रोज पाहणार आहे.