२० जुलैला कोणता वार होता?

व्याख्यान संपलं की सभागृहात कोऱ्या कागदाचे तुकडे फिरतात. ज्याला विचारायचं असेल त्याने लिहायचं, शिपाईमामा गोळा करून व्यासपीठावर आणून देतात आणि सूत्रसंचालकाने निवडून वाचायचं. विद्यापीठात इतिहास शिकवायला लागल्यापासून व्याख्यानमालेचं हे काम माझ्याकडे आहे. 'प्रश्नच लिहा, मनोगत नको,' ही सूचनाही मीच देते. वेळ २० मिनिटं आणि चिठ्ठ्या पंधरा-सतरा. सारख्या असतील त्या एकत्र करायच्या, उरतील त्या फोल्डरमध्ये जातात.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात विषय होता १९४२ च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेचा. विद्यार्थ्यांना मी मुद्दाम इंदोरा-पाचपावलीच्या दलित वस्त्यांकडे पत्रकं वाटायला पाठवलं होतं. 'सर्वांसाठी खुले' असं छापायचं आणि समोर हजेरीसाठी आणून बसवलेले एम.ए.चे विद्यार्थीच असायचे, हे मला कधीच पटलं नाही. त्या संध्याकाळी धो धो पाऊस, तरी सभागृह भरलं. मागच्या तीन रांगा तर पांढऱ्या साड्यांनीच भरल्या होत्या.

वक्त्या फार तयारीने बोलल्या. मोहन पार्कमधला तो मंडप, १८ आणि १९ जुलैची दलितांची अखिल भारतीय परिषद, त्यातूनच पुढे आलेला बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हा पक्ष, आणि दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली बायकांची स्वतंत्र परिषद. समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब तिथेच म्हणाले. मग ठराव. घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त लग्नं बंद व्हावीत, मुलींसाठी वसतिगृहं हवीत. मिलमध्ये, विडी कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना पगारी रजा आणि पेन्शन हवी, मिलमध्ये बायकांवर देखरेखीला बाईच हवी. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले, हे वक्त्यांनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगांतून टाळ्या आल्या.

चिठ्ठ्या आल्या. एक होती औषधाच्या दुकानातल्या बिलाच्या पाठीवर. निळ्या पेनने, अक्षरं दाबून लिहिलेली: '२० जूलैला कोणता वार होता.' खाली नाव नाही, प्रश्नचिन्हही नाही. मी ती वाचली आणि फोल्डरमध्ये सरकवली. माझ्या हातात हिंदू कोड बिलावरची चिठ्ठी होती, स्त्रीवादी इतिहासलेखनावरची होती. त्यांच्यापुढे मला वाराचा प्रश्न वेळ खाणारा वाटला. इतिहासाची प्राध्यापक असून मला तो तसा वाटला, हे मी अजून विसरलेले नाही.

आभार झाले, चहा सुरू झाला. दाराशी एक आजी उभ्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. सोबत नातू, त्याच्या हातात ओली छत्री.

"जय भीम मॅडम. माह्या चिठ्ठीचं काय झालं?"

"कोणती आजी?"

"वाराची."

मी फोल्डर उघडून ते बिल काढलं. म्हटलं, "आजी, वेळ कमी होता. पण वार कशासाठी हवा होता?"

त्या खुर्चीवर टेकल्या. "माही माय मिलमधे होती, रीलिंगात. ते सांगे का मी बायांच्या परिषदेले गेली होती, खाडा करून. एक रोज कापला तिचा. माहा मोठा भाऊ मानत नाही. तो म्हणते, सभा रविवारी होती, मिलले सुट्टीच होती, माय उगाच सांगे खाड्याचं. माणसांची सभा पाहून आली असन, बायांची नाही. माय तर गेली आता. म्हणून म्हटलं, वार समजला पाहिजे."

वक्त्या शेजारीच होत्या. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. २० जुलै ही तारीख त्यांनी तासाभरात निदान दहा वेळा उच्चारली असेल, मी ती पत्रकावर छापली होती, पण वार आम्हा दोघींपैकी कुणीच पाहिला नव्हता. नातवाने मोबाइलवर १९४२ चं कॅलेंडर काढलं. १८ शनिवार, १९ रविवार, २० सोमवार.

म्हणजे आजींचा भाऊ चुकीचं बोलत नव्हता. मोठी परिषद रविवारीही होतीच. पण खाडा पडला असेल तर तो सोमवारचा, आणि सोमवारी मोहन पार्कात बायकांचीच परिषद होती. पगारी रजेचा ठराव वक्त्यांनी वाचला होता आणि मी टिपून घेतला होता. तो ठराव मंजूर होताना मंडपात बसलेल्या एका बाईचा त्याच दिवशीचा रोज कापला जात होता, हे सांगणारं त्या सभागृहात एकच माणूस होतं आणि तिची चिठ्ठी मी बाजूला ठेवली होती.

"सोमवार होता आजी," मी म्हटलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदराने चष्मा पुसला. "म्हणजे माय खरं सांगे."

वक्त्या त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसल्या आणि वही उघडून विचारू लागल्या: मायचं नाव काय, कोणती पाळी, सोबत आणखी कोण गेलं होतं, तुम्हाला कडेवर नेलं होतं का? आजी म्हणाल्या, "मी तवा जन्मलीच नव्हती." मग हळूहळू सांगत गेल्या. मायने तिथून शिदोरी बांधलेलं फडकं घरी आणून कितीतरी वर्षं जपलं होतं. मंडपात गर्दी इतकी, का मागच्या बायांना बाबासाहेब दिसलेच नाहीत, आवाज तेवढा आला. मायने घरी येऊन सांगितलं होतं, आवाज ऐकला, पुरे झालं.

निघताना त्यांनी बिल माझ्यापुढे धरलं. "वार लिहून द्या मॅडम. भाऊ कामठीले राहते, त्याले दाखवीन."

मी लिहिलं: २० जुलै १९४२, सोमवार. खाली सही केली.

"शिक्का नाही का?"

विभागाचं कार्यालय बंद झालं होतं. शिपाईमामांकडून किल्ली घेऊन मी दोन जिने चढून गेले, कपाटातून विभागाचा गोल शिक्का काढला. शाईचा पॅड कोरडा पडला होता, तो दोनदा ओला करावा लागला. शिक्का नीट उमटला. आजींनी शाई फुंकून वाळवली, बिलाची चौघडी केली आणि बटव्यात ठेवली.