काचबिंदूचे ड्रॉप्स डोळ्याचा रक्तपुरवठा वाढवतात का?

वाढवतात, पण त्यातला मोठा वाटा साध्या वजाबाकीचा असतो. डोळ्यात रक्त शिरतं ते धमनीतल्या दाबाच्या जोरावर, आणि त्याला आतून अडवतो डोळ्याचा स्वतःचा दाब. या दोहोंतला फरक म्हणजे परफ्युजन प्रेशर. रक्त पुढे ढकलायला प्रत्यक्षात शिल्लक राहतो तो एवढाच जोर.

बसलेल्या माणसासाठी हिशेब असा करतात. बीपी १२०/८० असेल तर धमनीतला सरासरी दाब साधारण ९३ (हे आणि पुढचे दाबाचे आकडे मिलिमीटर पाऱ्यात). डोळा हृदयापेक्षा वर असल्याने त्याचे दोन तृतीयांश धरायचे, म्हणजे ६२. डोळ्याचं प्रेशर २४ असेल तर शिल्लक ३८. ड्रॉप्सनी प्रेशर १६ वर आलं की शिल्लक ४६. रक्तवाहिनीला औषधाने हातही न लावता जोर वीस टक्क्यांनी वाढला. आता याच माणसाचं बीपी १०५/६५ पर्यंत उतरलं असं धरा. सरासरी ७८, त्याचे दोन तृतीयांश ५२, वजा १६, म्हणजे शिल्लक ३६. ड्रॉप्स सुरू करण्याआधी होतं त्याहूनही कमी! दवाखान्यात मात्र प्रेशर १६ बघून सगळे समाधानी असतात.

शिल्लक थोडी कमी-जास्त झाली तरी निरोगी डोळा सांभाळून घेतो. पडद्याच्या आणि ऑप्टिक नर्व्हच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) बारीक धमन्या गरजेप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावून प्रवाह स्थिर ठेवतात. काचबिंदूच्या, म्हणजे ही नर्व्ह हळूहळू झिजण्याच्या आजाराच्या, बऱ्याच रुग्णांमध्ये हीच यंत्रणा कमकुवत झालेली असते. मायग्रेन असणारे, थंडीत बोटं पांढरी पडणारे, प्रेशर ‘नॉर्मल’ असूनही नर्व्ह झिजत चाललेले लोक या गटात जास्त दिसतात. बाल्टिमोरच्या १९९५ च्या पाहणीत खालचं बीपी वजा डोळ्याचं प्रेशर ही शिल्लक ३० च्या खाली असलेल्यांमध्ये काचबिंदूचं प्रमाण सहापट आढळलं होतं.

आता औषधांकडे येऊ. सर्वांत जास्त लिहायला हवं ते टिमोलॉलबद्दल. हा बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी कमी करणाऱ्या औषधांच्या गटातला थेंब) १९७८ पासून वापरात आहे. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) तयार होणं तो कमी करतो, म्हणून प्रेशर उतरतं. पण रात्री झोपेत हे पाणी तयार होण्याचं प्रमाण आपोआपच निम्म्यावर येतं, त्यामुळे तेव्हा टिमोलॉलला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. त्याच वेळी डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात गेलेला भाग नाडी मंद करतो आणि बीपी खाली ओढतो. झोपेत बीपी १० ते २० टक्के उतरणं स्वाभाविक आहे. काहींचं त्याहून जास्त उतरतं. त्यात आडवं झाल्यावर डोळ्याचं प्रेशर वर जातं. वजाबाकीची दोन्ही टोकं एकाच वेळी चुकीच्या दिशेला सरकतात. म्हणूनच कमी बीपी असलेल्या रुग्णाला टिमोलॉलचा झोपतानाचा थेंब देणं मला पटत नाही. एकदाच घालायचा असेल तर सकाळी घालावा. बीपीसाठी किंवा हृदयासाठी पोटातून बीटा ब्लॉकर आधीच चालू असेल, तर डोळ्यातल्या थेंबाचा प्रेशरवर परिणाम कमी होतो आणि शरीरावरचा भार वाढतो. दमा असणाऱ्यांनी आणि नाडी मुळातच मंद असणाऱ्यांनी हा थेंब टाळायचा असतो.

ब्रिमोनिडिनची गोष्ट वेगळी आहे. ते डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे थेंब टाकल्यावर डोळा पांढरा स्वच्छ दिसतो. हे पाहून ‘आतलंही रक्त कमी झालं’ असा समज होतो. तसं होताना दिसत नाही; मागच्या पडद्यापर्यंत पोचणाऱ्या मात्रेत प्रवाहावर लक्षणीय परिणाम आढळत नाही. कमी प्रेशरच्या काचबिंदूवर ब्रिमोनिडिन ०.२ टक्के आणि टिमोलॉल ०.५ टक्के यांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत प्रेशर सारखंच उतरलं होतं, तरी फील्ड (नजरेचा आवाका) बिघडलेले रुग्ण ब्रिमोनिडिन गटात ९ टक्के आणि टिमोलॉल गटात ३९ टक्के निघाले. हा फरक नर्व्हला मिळालेल्या संरक्षणाचा की टिमोलॉलने रक्ताचा जोर कमी केल्याचा, यावर अजून वाद आहे. ब्रिमोनिडिन गटातले बरेच रुग्ण ॲलर्जीमुळे मधेच बाहेर पडले होते, हेही आकडे वाचताना लक्षात ठेवावं. लहान बाळांना हे औषध चालत नाही. श्वास थांबण्याचा धोका असतो.

डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड यांच्यात मात्र रक्तवाहिनीवर थेट परिणाम व्हायला ठोस कारण आहे. ही औषधं कार्बोनिक ॲनहायड्रेज हे एन्झाइम रोखतात, आजूबाजूला कार्बन डायऑक्साइड साचतो, आम्लता वाढते आणि धमन्या सैल होतात. डॉर्झोलामाइडनंतर डोळ्यामागच्या धमन्यांतला वेग वाढल्याचं अनेक मोजण्यांत दिसलं आहे. पण वेग वाढला म्हणून फील्ड जास्त काळ टिकलं, असं सिद्ध झालेलं नाही. निव्वळ ‘रक्तप्रवाह वाढवतं’ या एका वाक्यावर औषध निवडू नये.

लॅटानोप्रोस्ट आणि त्याच्या जातीचे थेंब दिवसाप्रमाणे रात्रीही प्रेशर उतरवतात आणि बीपीला धक्का लावत नाहीत. रक्तपुरवठ्याच्या हिशेबात हा मोठा गुण आहे. सुरुवातीला डोळा लाल होतो तो पृष्ठभागावरच्या वाहिन्या रुंदावल्याने. आतल्या प्रवाहाशी त्या लालीचा संबंध नाही. नेटार्सुडिलने लाली अजून जास्त येते. ते डोळ्याबाहेरच्या शिरांमधला दाबही कमी करतं, त्यामुळे आतल्या पाण्याला बाहेर पडणं सोपं जातं.

मोजमापाबद्दल थोडं. कलर डॉपलर ही सोनोग्राफी रक्ताचा वेग सांगते, वाहिनीची रुंदी नाही. त्यामुळे वेग वाढला म्हणजे रक्त वाढलं असं म्हणता येत नाही. ओसीटी अँजिओग्राफीत (पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांचं प्रकाशाने काढलेलं चित्र) केशवाहिन्यांची दाटी विरळ दिसते, पण नर्व्हचे तंतू गेल्यावर त्या भागाला रक्ताची गरजही कमी होते. आधी काय गेलं, हे एका चित्रावरून ठरत नाही.

रुग्णाच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे थेंब टाकण्याची पद्धत. एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा, आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर एरवी अश्रू असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर. उरलेलं गालावर ओघळतं किंवा नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून नाकात उतरतं. घशात कडवट चव आली तर ती त्याचीच खूण. नाकातून शोषलेलं औषध यकृताला वळसा घालून सरळ रक्तात जातं. टिमोलॉल ०.५ टक्केच्या ५० मायक्रोलिटरच्या थेंबात पाव मिलिग्रॅम औषध असतं. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा म्हणजे रोज एक मिलिग्रॅम.

म्हणून खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब टाकायचा, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटायचा आणि तर्जनीने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाला टेकवून दाबून धरायचं. पूर्ण पाच मिनिटं असं केलं तर रक्तात जाणारं टिमोलॉल ६० टक्क्यांहून जास्त घटतं, आणि डोळ्याला औषधही जास्त मिळतं. बोट नाकपुडीवर किंवा बुबुळावर ठेवणं ही नेहमीची चूक. दाब हाडावर जाणवला पाहिजे. डोळे मिचकावले की पापण्या पंपासारखं औषध नाकात ढकलतात. दुसरी बाटली असेल तर मधे पाच मिनिटं जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

प्रेशर आटोक्यात असूनही फील्ड बिघडत असेल, तर नवी बाटली वाढवण्याआधी चोवीस तासांचं बीपी मशीन लावून घ्या असं डॉक्टरांना सुचवायला संकोचू नये. रात्री बीपी फार उतरत असेल तर बीपीची झोपतानाची गोळी सकाळी घेता येईल का, हे गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. स्वतःहून वेळ बदलू नये, आणि थेंबही बंद करू नयेत. त्या भेटीला जाताना डोळ्यांच्या बाटल्या सोबत न्याव्यात. ‘कोणती औषधं चालू आहेत’ याचं उत्तर देताना बहुतेक जण डोळ्यातला थेंब औषधांत धरतच नाहीत.