तांब्यावरची चांदी

आज एका संग्राहक स्नेह्यांकडचे रोमन दिनारियस, म्हणजे प्राचीन रोमचे चांदीचे नाणे, जवळजवळ दोन तास भिंगाखाली पाहिले. दर्शनी बाजूस सम्राट तिबेरियसचे मस्तक, तर मागे त्याच्या आधीचा सम्राट ऑगस्टस याचे नातू गायस आणि लुसियस ढालींवर हात ठेवून उभे. वजन अवघे 2.9 ग्रॅम भरले. त्या काळचे अस्सल नाणे साधारण 3.7 ग्रॅमचे असते. कडेची चांदी सोलली होती तिथे हिरवा गंज चढलेले तांबे दिसले, म्हणजे तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवून, तापवून, मग ठसे मारलेले हे खोटे नाणे.

मला खरा आनंद झाला तो कालनिश्चितीचा. गायस-लुसियस यांचा ठसा ऑगस्टसच्या नाण्यांवरचा, दोघेही इ.स. 4 पर्यंत वारलेले, आणि तिबेरियस सम्राट झाला इ.स. 14 मध्ये, त्यामुळे सरकारी टांकसाळीत दर्शनी आणि मागच्या बाजूंची ही जोडी जमणे फार अवघड, आणि नाणे इ.स. 14 पूर्वीचे असणे अशक्यच. नाणे जास्तीत जास्त किती नंतरचे असेल ही मर्यादा मात्र इतकी पक्की ठरत नाही, कारण जुन्या नाण्यांवरून ठसे पुढेही बनवता येत.

कडेजवळ छिन्नीचा एक जुना घाव आहे. कुणीतरी तेव्हाच संशयाने हे नाणे तपासले असावे, या विचाराने मी बराच वेळ तिथेच थांबलो.