सोपा, मध्यम आणि काकू

ट्रेकचा मेसेज साधारण मंगळवारी येतो. किल्ल्याचं नाव, निघायची वेळ, सोबत काय आणायचं (दोन लिटर पाणी, सुका खाऊ, टोपी, जादा मोजे), काय आणायचं नाही (दागिने, स्पीकर), आणि सगळ्यात खाली 'श्रेणी'. तिथे 'सोपी' असं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. 'मध्यम' असेल तर मी निश्चिंत असते.

मध्यम ट्रेकला तुम्ही दमलात तर कुणीतरी खिशातून लिमलेटची गोळी काढून देतं. 'भारीच हं काकू, या वयात!' असंही म्हणतं. सोप्या ट्रेकला दमलात तर लोक आवाज खाली आणतात. 'बीपीची गोळी घेतली होती ना सकाळी?' अवघड चढावर बसलेला माणूस विश्रांती घेत असतो. सोप्या चढावर बसलेला माणूस म्हणजे प्रकरण असतं.

मला पहिला मेसेज आला तेव्हा मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. त्यात लिहिलं होतं, 'श्रेणी सोपी. कुणीही येऊ शकतं.' 33 वर्षं नियम आणि अटी वाचण्यात गेलेली. 'कुणीही' या शब्दाच्या डोक्यावर बारीक चांदणी नव्हती, तळाशी बारीक अक्षरांत काही छापलेलं नव्हतं. म्हणजे त्यात मीही बसते, असा अर्थ काढून पैसे भरले.

पुण्यात माणसाची चालायची ऐपत मोजायची एक शिडी ठरलेली आहे. सगळ्यात खाली पर्वती, पायऱ्या 103. मग वेताळ टेकडी. मग सिंहगड. पण सिंहगडावर नुसतं 'जाऊन आलो' म्हणून सुटका होत नाही, किती मिनिटांत ते सांगावं लागतं. 1892 साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं डोंगरातल्या वेळेचा एक हिशेब मांडून ठेवलाय: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर 2000 फूट चढाला आणखी एक तास. जगभर अजून त्याच हिशेबानं लोक अंदाज बांधतात. आतकरवाडीपासून सिंहगडाचा चढ साधारण 600 मीटर, म्हणजे जवळपास तेवढेच 2000 फूट. वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. नेस्मिथसाहेबांच्या हिशेबानं धडधाकट माणसाला दीड तास लागायला हवा. पण पुण्यात दीड तास सांगायची सोय नाही. इथे लोक पंचेचाळीस मिनिटांपासून बोली लावतात, आणि देवटाक्याचं पाणी, मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी हे सगळं त्यानंतर. मला पहिल्या वेळी दोन तास दहा मिनिटं लागली होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती. आज पहिल्यांदाच.

तर तो पहिला 'कुणीही' ट्रेक म्हणजे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. पहाटे पुण्यातून निघालो, आळेफाट्याला चहा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, पाचनई. पायथ्याशी गोल करून ओळखपरेड झाली: नाव सांगा, काय करता ते सांगा, आधीचे ट्रेक सांगा. ओळखपरेडीत लोक पैशांबद्दल बोलताना बोलतात तसं बोलतात. ज्यांच्याकडे भरपूर असतं ते 'थोडंफार' म्हणतात. ज्यांच्याकडे नसतं ते 'तसं कॉलेजमध्ये बरंच केलंय' म्हणतात. मी म्हणाले, 'रोज पर्वतीला जाते.' आठवड्यातून दोनदा जात होते. मग मोजणी. प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा आणि लक्षात ठेवायचा. माझा सतरा.

पाचनईची वाट खरंच सोपी आहे, यात लीडरची काही चूक नाही. सुरुवातीचा झाडीतला चढ, मग पुढे झुकलेल्या कातळाच्या पोटाखालून आडवं जाणं, धोक्याच्या जागी रेलिंग, नंतर ओढ्याच्या काठाकाठानं देवळापर्यंत. पण ती वाट ज्यांच्या पायांनी सोपी ठरवली होती ते पाय सव्वीस वर्षांचे होते. पहिल्या अर्ध्या तासात सतरा नंबर तेविसाव्या जागी गेला, आणि मग चोविसाव्या. चोवीसच जण होतो.

मागं राहणाऱ्याची खरी अडचण चालण्यात नसतेच, ती थांबण्यात असते. पुढचे एखाद्या झाडाखाली थांबतात. पाणी पितात, केळी खातात, फोटो काढतात, चप्पल काढून पाय मोकळे करतात. पंधरा मिनिटांनी वळणावर मी दिसते. सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवता वाजवताच उठतात, सॅक पाठीला लावतात आणि 'चला, आल्या काकू!' म्हणून चालायला लागतात. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना पंधरा मिनिटं आणि जिला आहे तिला टाळ्या. कर्जवाटपात असला प्रकार मी पुष्कळ पाहिला होता, डोंगरात पहिल्यांदाच पाहिला.

वर पोचल्यावर मात्र केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उभी राहिले आणि सगळं विसरले. चार खांबांपैकी एकच उरलाय. बाकीचे तीन सोडून गेल्यावरही तो छत धरून उभा आहे. मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

त्याच दिवशी कोकणकड्यावर पालथी पडून खाली बघत असताना लीडरनं बोट दाखवून सांगितलं, 'काकू, ती खाली बेलपाड्याची बाजू. तिथून नळीच्या वाटेनं वर येतात.' त्या घळीकडे बघितलं तर दगडधोंड्यांचा एक उभा धबधबा थिजलेला दिसला. ती वाट श्रेणीत 'अतिकठीण'. जुन्नरकडून खिरेश्वरची वाट, तोलारखिंडीतून येणारी, ती 'मध्यम'. त्यात खिंडीनंतर रेलिंगचा कातळटप्पा आणि मग न संपणाऱ्या टेकड्या. आणि आमची अकोले तालुक्यातली पाचनई 'सोपी'. तीन जिल्ह्यांतून तीन वाटा, वर एकच हरिश्चंद्रेश्वर. देवळात घंटा वाजवताना कोण कुठल्या वाटेनं आलं ते ओळखू येत नाही, घामाचा वास सगळ्यांना सारखाच. तरी जेवायला बसल्यावर नळीवाले वेगळे बसतात. बसू देत. मीही बसले असते.

सह्याद्रीला श्रेणी लावणंच मुळात अवघड, असं माझं मत होत चाललंय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि त्यातून हा डोंगर झाला. कठीण थरांचे कडे उभे राहिले, मऊ थर झिजून त्यांचे पदर झाले. त्यामुळे इथला चढ एकसारखा कधीच नसतो. तासभर पदरातून आरामात आडवं चालायचं, गप्पा मारायच्या, आणि मग अचानक एक भिंत. ती चढलात की पुन्हा सपाटी. सरासरी काढली तर वाट सोपीच निघते. पण सरासरी काय असते ते मला विचारा. खात्यात महिनाभर चाळीस हजार असतात आणि ज्या दिवशी हप्ता वटायचा त्या दिवशी दोनशे रुपये. सरासरी शिल्लक उत्तम, चेक परत. डोंगरात माणूस सरासरीवर अडत नाही, त्या एका भिंतीवर अडतो.

आणि उतार? श्रेणी ठरवताना उताराचं नाव कुणी काढत नाही. चढताना फार तर धाप लागते, ती पाच मिनिटांत जाते. उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे त्या सुट्या मुरमावर, गुडघे प्रत्येक पावलाला आपलं वय सांगत असतात. मी तर काही ठिकाणी सरळ बुडावर बसून उतरते. त्याला शास्त्रीय नाव नाही, पण पाच आधार मिळतात आणि पँट एका मोसमात संपते.

मधे एकदा लीडरनं वेगळा प्रयोग केला. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडरच्या मागं दुसऱ्या जागी ठेवायचं, म्हणजे सगळा गट त्याच्या चालीनं जातो, कुणी मागं पडत नाही. कागदावर उत्तम योजना. कोराईगडाच्या पायऱ्यांवर मला दुसऱ्या नंबरला लावलं. माझ्या पाठीमागे बावीस माणसं, अरुंद वाट, आणि त्या बावीस जणांचा न बोललेला शब्द माझ्या मानेवर. कुणी घाई केली नाही, उलट 'आरामात काकू' असं दर दोन मिनिटांनी येत होतं. 'आरामात' हा शब्द असा मागून, धापेशिवाय आला की त्याचा अर्थ काय होतो ते तिकीटखिडकीवर सुटे पैसे शोधणाऱ्या कुणालाही विचारावं. अर्ध्या वाटेत मी बाजूला झाले आणि सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. शेवटचा माणूस पुढे गेल्यावर जी शांतता झाली, तीत मला पहिल्यांदा त्या दिवशीचा वारा ऐकू आला.

वर पोचल्यावर लीडरला म्हटलं, 'मला शेवटीच ठेव. पण नुसतं राहिलेली म्हणून नको, नेमणूक दे.' तो हसला. सॅकमधून शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी आणि वॉकीटॉकी काढून माझ्या हातात दिली. 'मग आजपासून टेल तुमची, काकू.' टेल म्हणजे शेपूट. पण हुद्दा तो हुद्दा. अट मी एकच घातली: शेवटचा माणूस पोचून खाली बसला की त्या क्षणापासून विश्रांतीची दहा मिनिटं मोजायची. टाळ्या रद्द. पहिले दोन ट्रेक पुढची मंडळी कुरकुरली, त्यांना थंडी वाजायची. मग स्वेटर आणायला लागली.

गेल्या सप्टेंबरात राजगडाला दोन गट केले. एक गुंजवण्याकडून चोरदरवाजानं, दुसरा पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी. भेट पद्मावती माचीवर, उतरायचं सगळ्यांनी पालीकडून. मेसेजमध्ये पहिल्याचं नाव 'जलद गट' आणि दुसऱ्याचं 'निवांत गट'. निवांतमध्ये कुणी नाव देईना. ज्यांना पायऱ्यांवर धाप लागते असे तिघे जण जलदमध्ये गेले आणि चोरदरवाजाच्या रेलिंगला लोंबकळून फोटो काढून आले. मी आठ जणांना घेऊन पालीनं गेले. आमचा निवांत गट माचीवर आधी पोचला, पण तो तपशील मी इथे उगाच वाढवत नाही.

गोष्ट उतरतानाची आहे. सोनकीनं सगळे उतार पिवळे झाले होते. जलद गटातले एक गृहस्थ, ओळखपरेडीत 'साठेक किल्ले झालेत' म्हणालेले, सकाळपासून सगळ्यांत पुढे होते. पाली दरवाजाखाली ते एका दगडावर बसलेले दिसले. डाव्या बुटाचा तळवा पुढून सुटून मगरीसारखा जबडा वासून होता. आतला फोम भुगा होऊन पायरीवर सांडलेला. 'चार वर्षं माळ्यावर होते,' ते म्हणाले, 'एकदम नवे आहेत.' बूट वापरून जेवढे झिजत नाहीत तेवढे ठेवून मरतात. दमट हवेत तळव्यातला फोम आपोआप सडतो, वरून काही कळत नाही. हे मला माहीत होतं, कारण शेपटीला चालणाऱ्याला दर दोन ट्रेकमागे एक तळवा भेटतो.

सॅकमधून सुतळी काढली. बँकेत व्हाउचरचे गठ्ठे बांधायची आमची एक गाठ असते: दोन आडवे वेढे, एक उभा, आणि शेवट वेढ्याखालून काढून ओढायचा. गठ्ठा जिन्यावरून टाकला तरी सुटत नाही. ती गाठ मी त्यांच्या बुटाला मारली. आधी टाचेपाशी, मग चवड्यापाशी. तोपर्यंत उजव्यानंही तोंड उघडलं. तोही बांधला. ते उभे राहिले, दोन पावलं टाकून बघितली आणि म्हणाले, 'तुम्ही व्हा पुढे.'

'मला पुढे होता येत नाही,' मी म्हटलं. 'माझी नेमणूक आहे.'

मग दीड तास आम्ही दोघं उतरत होतो. ते पाऊल जपून टाकत होते, मी गुडघा जपून. एका ओढ्यापाशी थांबलो तर वरच्या झाडीतून कुणीतरी शीळ घालत होतं, सूर शोधणाऱ्या, थोड्याशा आळशी माणसासारखी.

'आपल्यातलंच कुणी राहिलंय का वर?' ते म्हणाले.

'कस्तूर आहे, पक्षी. शीळकरी कस्तूर.'

'साठ किल्ल्यांत कधी ऐकला नाही.' थोडं थांबून म्हणाले, 'म्हणजे असेल तिथे.'

वॉकीटॉकीवर खालून लीडर ओरडला, 'काकू, मोजणीत एक कमी येतोय.' सांगितलं, माझ्याबरोबर आहे. 'किती वेळ लागेल?' मी बुटांकडे बघितलं, सुतळी घट्ट होती. 'पंचेचाळीस मिनिटं,' मी म्हटलं. लागला सव्वा तास. खाली सगळ्यांचा चहा दुसऱ्यांदा झाला होता, आमच्यासाठी दोन कप झाकून ठेवले होते. साठ किल्लेवाल्यांनी गाडीत बसल्यावर सुतळी सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. शेवटी कापावी लागली.

येत्या रविवारी लोहगड आहे. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे सगळ्या पायऱ्या. मेसेजमध्ये श्रेणी 'अतिसोपी' अशी दिली आहे. सुतळीचा नवा गुंडा आणून ठेवलाय.