जिन्यावरचं गणित

"काकू, वरून नुसता धपाधप आवाज येतो. ही मुलं अभ्यास कधी करतात?" माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया हे हमखास विचारतात. त्यांचंही चुकत नाही. बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, जिना लाकडी. मुलं चढ-उतार करायला लागली की खालच्या भाडेकरूंचं भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. पण तो धपाधप आवाज हाच अभ्यास असतो, हे त्यांना पटवायला मला दर जूनमध्ये नव्याने सुरुवात करावी लागते.

सहावीत ऋण संख्या आल्या की आम्ही वह्या बंद करून जिन्यात जातो. जिना वळतो ती सपाट जागा म्हणजे शून्य. वरच्या पायऱ्यांवर खडूने १, २, ३. खालच्यांवर ऋण १, ऋण २. नियम दोनच. बेरीज असेल तर तोंड वर, वजाबाकी असेल तर तोंड खाली. संख्या धन असेल तर पुढे चालायचं, ऋण असेल तर पाठीमागे. कठडा सोडायचा नाही, आणि मागे चालताना जिन्यात एकच मूल. बाकीचे खाली बसून पंच.

मग मी गणित घालते : दोन वजा ऋण तीन. परवा एक मुलगा दुसऱ्या पायरीवर उभा राहिला, वजाबाकी म्हणून तोंड खाली केलं, आणि उतरायला पाय टाकणार तेवढ्यात खालून ओरडा झाला, "अरे, ऋण आहे! मागे, मागे!" त्याने कठडा घट्ट धरला, टाचेने मागची पायरी चाचपली आणि एक, दोन, तीन करत पाठमोरा वर गेला. पायाखाली बघितलं तर पाच. "काकू, तोंड खाली होतं तरी मी वर आलो!" मग त्याला दोनवर परत उभं केलं आणि दोन अधिक तीन चालायला लावलं. तीच पायरी.

"वजा वजा अधिक" हे घोकून घेता येतंच. पण घोकलेलं मूल पुढे ऋण दोन वजा तीनलाही बिनदिक्कत अधिक पाच लिहितं, कारण त्याला दोन वजा दिसले. जिन्यावर ही चूक करायची सोयच नाही. ऋण दोनवर उभं राहून तोंड खाली आणि तीन पायऱ्या पुढे, म्हणजे पोचणार ऋण पाचवरच.

लसाविसाठी गच्ची. बडोद्याच्या पोरांना गोलात फिरत टाळी द्यायला शिकवावं लागत नाही, नवरात्रात ते आपोआप अंगात मुरतं. आत एक गोल, बाहेर एक. आतल्यांची टाळी दर तिसऱ्या पावलाला, बाहेरच्यांची दर चौथ्या. पावलं सगळ्यांनी मोठ्याने मोजायची. बारावर दोन्हीकडच्या टाळ्या एकदम पडतात आणि जल्लोष होतो. मग मी चार आणि सहा देते. सगळे छातीठोकपणे सांगतात, २४. टाळी मात्र १२ वरच पडते. पुढे दहा मिनिटं जे भांडण होतं त्यातून दोन हा सामाईक अवयव निघतो. मला तो फळ्यावर काढावा लागत नाही.

इथे माझं एक खडूस मत आहे. हल्ली "हालचालीतून शिक्षण" म्हणून जे चालतं त्यातलं बरंच मला पटत नाही. सातचा पाढा म्हणत जागच्या जागी उड्या मारल्या की घाम येतो, मजा येते, ते चांगलंच आहे; पण त्या उडीत सात कुठे आहे? पावलातच गणित असेल तर मी मुलांना उठवते. नसेल तर सरळ म्हणते, जा, अर्धा तास लंगडी खेळा, मग या. खेळायला गणिताचं निमित्त लागत नाही. आणि व्यवहारी अपूर्णांक मी अजूनही बसवूनच शिकवते.

बडोद्यात हे सगळं पटवून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचं केलं. जुम्मादादा वस्तादांच्या आखाड्याला त्यांचे शिष्य प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलं ते याच गावात, आणि व्यायामाचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोश निघाला तोही इथूनच. आज त्याच गावात परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. आमच्या मुलांचा दिवस बघा : दारातून व्हॅन, व्हॅनमधून बाक, संध्याकाळी स्कूटीच्या मागच्या सीटवरून माझ्याकडे, आणि घरी लिफ्ट. यावर पालकांचा उपाय काय, तर आणखी एक क्लास. स्केटिंगचा. त्यालाही स्कूटीनेच.

मी सांगते, आधी कोथिंबीर आणायला पाठवा. हल्ली फोनवर बोट टेकवलं की कोथिंबीर दारात येते, आणि पोराचं एक हक्काचं काम गेलं. भाजीच्या लारीपर्यंत, म्हणजे हातगाडीपर्यंत जायचं, भाव विचारायचा, सुट्टे मोजून घ्यायचे, जुडी पिवळी निघाली तर परत जायचं. रहदारीची भीती खरी आहे, आमच्या रस्त्यावर मोठ्यांनाही जीव मुठीत धरून जावं लागतं. म्हणून रस्त्याच्या आपल्याच बाजूची लारी निवडा. पाचवीतल्या मुलाला एवढं जमतं. न जमायला त्याला कोणी पाठवलंय कुठे?

डिसेंबरात सगळ्यांना पावागडच्या डोंगरावर न्यायचं घाटतंय. पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो रोपवेच्या तिकिटांचा. मी लिहिलं, गाडी पोचते त्या माचीपासून पायऱ्यांनी चढायचं; उतरताना ज्याचे पाय बोलतील त्याने खुशाल रोपवे घ्यावा. मुलं लगेच तयार झाली. आता दोघीतिघी आया मला वेगवेगळ्या विचारतायत, बरोबर येणाऱ्या मोठ्यांनीही चढायचं का? हो, चढायचं. पाण्याच्या बाटल्याही आपापल्या.