हरवलेला एक बार दाब

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मशीन, वारंवार लो-प्रेशरवर ट्रिप होतोय (गॅसचा दाब फार पडला की आपोआप बंद पडतोय), अशी तक्रार होती. मशीन आर-१३४ए या रेफ्रिजरंटवर (थंड करणाऱ्या गॅसवर) चालणारं, पाणी १२ अंशांवरून ७ अंशांवर आणायचं. जुना इव्हॅपोरेटर (ज्यात रेफ्रिजरंट उकळून पाण्यातली उष्णता घेतो) आतून गळायला लागला म्हणून नुकताच बदललेला. नवाही ब्रेझ केलेला प्लेट हीट एक्सचेंजरच, म्हणजे जोडलेल्या प्लेटांमधल्या वाटांतून एकाआड एक रेफ्रिजरंट आणि पाणी नेणारा. प्लेटा तेवढ्याच, पोर्टही त्याच मापाचे.

“साहेब, गॅस कमी आहे,” तिथल्या ऑपरेटरने पोचल्या पोचल्या निदान सांगून टाकलं. आधी येऊन गेलेल्यालाही तसंच वाटलं असणार, कारण सबकूलिंग (द्रव झाल्यावर रेफ्रिजरंट आणखी किती थंड होतो ते) १२ अंश निघालं आणि साइट ग्लासमध्ये, म्हणजे द्रवाच्या पाइपवरच्या काचेत, बुडबुडा नाही. म्हणजे गॅस कमी नव्हताच, उलट जास्त भरलेला! सक्शनचा, म्हणजे इव्हॅपोरेटरमधून कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या वाफेच्या दाबाचा, काटा १.५ ते १.८ बारच्या मध्ये हलत होता, तो २.१ च्या आसपास हवा. सुपरहीट (बाहेर पडणारी वाफ उकळबिंदूपेक्षा किती अंश गरम आहे ते) कधी ३, कधी १४. असं दिसलं की लोक थेट एक्सपान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे सुपरहीट पाहून इव्हॅपोरेटरमध्ये रेफ्रिजरंट सोडणारा व्हॉल्व्ह, बदलतात. इथेही नवा व्हॉल्व्ह मागवून ठेवला होता.

मी आधी व्हॉल्व्ह आणि एक्सचेंजर यांच्या मधल्या सर्व्हिस पोर्टवर गेज लावला आणि मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हाची नोंदवही मागितली. जुन्या नोंदीत एक्सचेंजरच्या तोंडाशी ३.२ बार होते आणि बाहेर पडताना २.१. आता आत-बाहेर जेमतेम ०.१५ बारचा फरक. जवळजवळ एक बार दाब हरवला होता आणि तिथेच नव्या एक्सचेंजरवरचा माझा संशय पक्का झाला.

मग इन्सुलेशन सोलून काढलं. स्टेनलेस स्टील चकचकीत असल्यामुळे थर्मल कॅमेऱ्यात समोरच्याचं प्रतिबिंबच दिसतं, म्हणून प्लेटांच्या कडांवर काळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवल्या. पोर्टांच्या बाजूच्या प्लेटा १० अंशांच्या वर, पार मागच्या टोकाच्या १ अंशाच्या आसपास. ऑपरेटरने हात लावून पाहिला आणि पुन्हा लावून पाहिला.

व्हॉल्व्हमधून निघालेल्या रेफ्रिजरंटमध्ये वजनाने पाव हिस्सा वाफ असते, पण आकारमानाने तीच ९० टक्क्यांहून जास्त. हलकी वाफ पहिल्याच वाटांमध्ये वळते, जड द्रव सरळ मागे जातो. पुढच्या वाटा उपाशी, मागच्या तुडुंब. बाहेर दोन्हीकडचं मिश्रण येतं, व्हॉल्व्हला नेमकं काय चाललंय ते कळत नाही, तो बंद होत जातो आणि सक्शन पडतं. म्हणूनच इव्हॅपोरेटरसाठीच्या एक्सचेंजरमध्ये प्रत्येक वाटेच्या तोंडाशी बारीक छिद्र ठेवलेलं असतं. त्या छिद्रापाशी मुद्दाम दाब घालवला की पोर्टमधले किरकोळ फरक नगण्य होतात आणि सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. या नगाला ती छिद्रंच नव्हती.

खरेदीवाल्यांनी तुलनेचा कागद दाखवला. “प्रेशर ड्रॉप (आतून जाताना दाबात होणारी घट) कमी, म्हणून हा घेतला.” पाण्याच्या बाजूला त्यांचं बरोबर होतं, तिथला ड्रॉप पंपाच्या विजेत मोजावा लागतो. पण रेफ्रिजरंटच्या बाजूला ४० अंशांच्या कंडेन्सरपासून (जिथे वाफेचा पुन्हा द्रव होतो) इव्हॅपोरेटरपर्यंत ७ बार कुठेतरी मारायचेच असतात. त्यातला एक छिद्रांनी मारला तर व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो, एवढंच; वेगळा खर्च काही नाही. द्रव उकळायला लागल्यानंतर मात्र हिशेब उलटतो. या तापमानाला आर-१३४ए मध्ये दर ०.११ बारमागे उकळण्याचं तापमान एका अंशाने घसरतं, आणि तो अंश कॉम्प्रेसरच्या माथी बसतो. कागदावर दोन्ही ड्रॉप एकाच आकड्यात मिसळलेले होते.

छिद्रं असलेला एक्सचेंजर बसवला, जादा गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला. तोंडाशी ३.२, बाहेर २.१, सुपरहीट ६ वर स्थिर. मागवलेला व्हॉल्व्ह परत गेला. खरेदीच्या तक्त्यात ड्रॉपचा रकाना दोन भागांत करून द्या, असं मी त्यांना लिहून दिलंय. त्यांनी वितरण छिद्रांचा ड्रॉप किमान किती हवा ते विचारलंय, आणि त्याचं उत्तर लोडप्रमाणे बदलत असल्याने सध्या मी तेच गणित करत बसलोय.