तीनशे किलोमीटर जास्त, सव्वीस मिनिटं कमी

डिस्पॅचर म्हणून एकटीने शिफ्ट सांभाळायला लागून मला जेमतेम महिना झाला होता. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवायचं, हे आमचं काम. प्लॅन हातात पडला की कॅप्टन तो मान्य करतो, नाहीतर फोन करतो. त्या दिवशी फोन आला.

हिवाळ्यातलं दुपारचं विमान, लंडनहून न्यूयॉर्कला. या दोन शहरांमधलं कमीत कमी हवाई अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. सपाट नकाशावर हा जवळचा रस्ताही उत्तरेकडे फुगलेला दिसतो, कारण पृथ्वी गोल आहे. एवढं मला पाठ होतं. पण संगणकाने काढलेला मार्ग त्याहून वर, थेट ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून चालला होता. ५,८५० किलोमीटर! मला वाटलं, काहीतरी बिनसलंय. मी मार्ग हाताने खाली ओढला, तीनशे किलोमीटर वाचवले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून प्लॅन पाठवून दिला.

पाच मिनिटांत कॅप्टन फोनवर. आवाज शांत, तेच जास्त लागलं. "मघाच्या मसुद्यात साडेसात तास होते. आता ७ तास ५६ मिनिटं. रस्ता कमी झाला आणि इंधन दोन टनांनी वाढलं, हे कसं काय?"

वेळेचा आकडा मी पाहिलाच नव्हता. नजर फक्त किलोमीटरवर.

शेजारच्या टेबलावरचे सर उठून आले, वाऱ्यांचा नकाशा उघडला आणि म्हणाले, "अगं, जमिनीवरचं अंतर काय बघतेस? विमान हवेतून जातं." पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारी जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, त्या दिवशी नेमकी माझ्या लाडक्या रेघेवर पसरली होती. हवेतला वेग ताशी ९००, समोरून सरासरी २०० चा वारा, म्हणजे पुढे सरकणार ७०० नेच. उत्तरेच्या मार्गावर विरोध १२० चा, म्हणून वेग ७८०. विमानाला प्रत्यक्ष कापावी लागणारी हवा मोजली तर माझ्या 'जवळच्या' रस्त्यावर ती ७,१०० किलोमीटरच्या पुढे जात होती, लांबच्या रस्त्यावर ६,७५०. आमच्या धंद्यात याला एअर डिस्टन्स म्हणतात. परीक्षेत यावर मला पैकीच्या पैकी गुण होते, हे सांगायलाही आता लाज वाटते.

उलट दिशेला हाच वारा पाठीशी. न्यूयॉर्कहून येणारं विमान त्याच पट्ट्यात ताशी ११०० ने, पाच तासांत लंडन गाठेल असा हिशोब दिसत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एका बोइंग ७४७ ने तर वादळी वाऱ्यावर स्वार होऊन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापलं होतं. तिकिटावरची वेळ यापेक्षा बरीच जास्त असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणं, रांग, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं, सगळं धरलेलं असतं.

मी जुना मार्ग परत पाठवला, माफी मागितली. विमान सुटलं.

पावणेचार तासांनी स्क्रीनवर कॉकपिटमधून संदेश आला: 'वारा प्लॅनपेक्षाही थोडा कमी. खाली ग्रीनलंड, एकही ढग नाही.'